पट्टीखालची माणसं

कालिंदीबाई पाळंदे यांनी आयुष्यात कधी कुणाला शिवी दिली नाही, कुणाची वस्तू परत करायला त्या विसरल्या नाहीत, आणि समोरच्याचं मराठी चुकलं तर कधी गप्प बसल्या नाहीत. पहिल्या दोन गुणांमुळे कोलकात्यातली मराठी मंडळी त्यांना मान देत. तिसऱ्यामुळे तो मान जरा लांबूनच देत. लग्नपत्रिकेत ऱ्हस्वदीर्घ चुकला की बाईंचा फोन येणार हे ठरलेलं. आधी अभिनंदन, मग चूक, मग पुन्हा अभिनंदन.

एकाहत्तर वर्षांच्या बाई कोलकात्याच्या बेहाला भागात एकट्या राहत. वडील ज्यूट मिलमध्ये इंजिनियर म्हणून पुण्याहून आले ते इथलेच झाले. बाईंचा जन्म इथला, शाळा इथली, आणि चौतीस वर्षं मुलींना भूगोल शिकवला तोही इथेच, बंगालीतून. महाराष्ट्र त्यांनी पाचसहा वेळा पाहिला, तोही लग्नकार्यांना जाऊन, म्हणजे मांडवातून जेवढा दिसतो तेवढा. बाकीचा महाराष्ट्र त्यांच्याकडे पुस्तकांतून आला होता.

इथल्या मराठी मंडळाचं वाचनालय म्हणजे दोन लाकडी कपाटं. दहाव्या-अकराव्या वर्षी त्यांतल्या जुन्या कादंबऱ्या हाती लागल्या आणि कालिंदीला वेडच लागलं. कादंबरीतलं निवेदन वडिलांसारखं, सरळ, इस्त्री केलेलं. पण अवतरणचिन्ह उघडलं की आत निराळंच राज्य. 'न्हाई', 'व्हय', 'आलंया', 'गेलंया', 'कवाधरनं'. आपण 'केव्हापासून' म्हणेपर्यंत ती माणसं विहिरीवर जाऊन परतसुद्धा येत. दुपारी गच्चीवर जाऊन ती मुलगी हे शब्द मोठ्यानं म्हणून बघायची. म्हणताना जीभ अनवाणी पळते आहे असं वाटायचं. खाली गल्लीत मासेवाला ओरडत असे, कुणाच्या तरी घरात पेटीवर गाण्याचा रियाज चाललेला असे, आणि गच्चीवर तिच्यापुढून एक नदी वाहत असे, तिनं कधीच न पाहिलेली. काठावर कुणी बाई कुणाला तरी म्हणत असे, "लई येळ केलास गं." हे तिलाच म्हटलंय असं समजून ती उगाचच जरा घाईनं जिना उतरायची. तसं बोलणारं जितंजागतं माणूस तिला कोलकात्यात एकही भेटलं नव्हतं.

आणि हीच मुलगी मोठी झाल्यावर तिनं काय करावं? माणूस शिकला की पहिलं पाणी आपल्या लाडक्या गोष्टीवरच सोडतो.

मंडळात दर रविवारी मुलांसाठी मराठीचा वर्ग भरे. तो अठ्ठाविसाव्या वर्षी बाईंकडे आला. पाठ्यपुस्तकं नव्हती, म्हणून बाई वाचनालयातल्या त्याच कादंबऱ्या मुलांच्या हाती देत. घरात मोडकंतोडकं आणि बाहेर बंगाली बोलणारी ती मुलं छापलेलं सगळंच प्रमाण मानत. त्यांतला नऊ वर्षांचा आशिष मामाच्या लग्नाला पुण्याला गेला आणि भर पंगतीत जिलबी वाढणाऱ्याला म्हणाला, "नगं, प्वाट भरलंया." अख्खी पंगत हसली. नवरीकडच्यांनी विचारलं, हा कुठल्या गावचा? आशिषच्या आईनं परत आल्यावर सगळा राग बाईंच्या पदरात घातला. "तुमच्या पुस्तकांनी माझ्या मुलाचं हसं केलं," ती म्हणाली.

बाईंना ते फार लागलं. इथं मराठी टिकवायचं तर स्वच्छच टिकवलं पाहिजे, असं त्यांनी मनाशी घेतलं, आणि एकदा घेतलं की घेतलं. दर शनिवारी त्या मंडळात जाऊन बसू लागल्या. घरून कणकेची खळ करून न्यायची, कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद. झिरझिरीत पांढऱ्या कागदाच्या बारीक पट्ट्या कापायच्या, त्यांवर बारीक टाकानं शुद्ध वाक्य लिहायचं, आणि पट्टी बरोबर त्या संवादावर बसवायची. दीड वर्षात सतरा कादंबऱ्या झाल्या. नांगर धरणारे, गुरं राखणारे, चुलीपुढच्या म्हाताऱ्या, सगळे 'नाही हो, मी येऊ शकणार नाही' असं बोलू लागले. मंडळानं गणेशोत्सवात बाईंचा नारळ देऊन सत्कार केला.

या गोष्टीला आता त्रेचाळीस वर्षं झाली. वर्ग केव्हाच बंद पडला, आशिष कॅनडात गेला. बाई ते काम विसरल्या नव्हत्या. कधी कुणी तुम्ही आयुष्यात काय केलंत असं विचारलं असतं, तर त्यांनी भूगोलाच्याही आधी पट्ट्या सांगितल्या असत्या. सुदैवानं कुणी विचारलं नाही.

मागच्या माघात मंडळाचे चिटणीस चारुदत्त यांनी गटावर निरोप टाकला. बराकपूरला जगदाळे म्हणून एक वृद्ध गृहस्थ आहेत, दृष्टी गेली आहे. त्यांना आपल्या वाचनालयातलं एकशे सतरा क्रमांकाचं पुस्तक ऐकायचं आहे. कुणी जाऊन वाचून दाखवेल का? इतकं मोठ्यानं वाचायची संधी बाईंना कित्येक वर्षांत आली नव्हती. त्यांनी लगेच 'मी' असं कळवलं.

एकशे सतरा म्हणजे मुखपृष्ठ हरवलेली, हिरव्या कापडात बांधलेली कादंबरी. डोंगराखालच्या गावातली एक विधवा आई, तिचा फौजेत गेलेला मुलगा, आणि दोघांमधली वर्षं. बाईंनी कपाटाशी उभ्या उभ्या पानं चाळली. एकही पट्टी सुटली नव्हती. आपल्या तरुणपणच्या अक्षराकडे बघून त्या मनात सुखावल्या, खोटं कशाला सांगा.

सियालदह स्टेशनवरून त्यांनी लोकल धरली. जगदाळ्यांचं घर नदीकडच्या गल्लीत, एकमजली, पुढे जास्वंद. दार मुलीनं उघडलं. देवयानी बँकेत अधिकारी होती, पन्नाशी उलटलेली, आणि ऑफिसला जायच्या घाईत. "मावशी, बाबा आत बसला आहे. चहा ठेवली आहे," ती म्हणाली. एवढ्याशा बोलण्यात बाईंना दोन दुरुस्त्या दिसल्या, आणि पायऱ्या उतरणाऱ्या पाठीला उद्देशून त्या म्हणाल्यादेखील, "बसले आहेत. ठेवला आहे." देवयानीनं वळून मान डोलावली आणि ती गेली.

श्यामसुंदर जगदाळे चौऱ्याऐंशीचे होते. सातारा जिल्ह्यातून फौजेत, फौजेतून इथल्या छावणीच्या भांडारात, आणि इथल्या इस्पितळातल्या दानापूरच्या नर्सबाईंशी, मीनाक्षीशी, लग्न. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांनी बाईंचं स्वागत हिंदीत केलं, पंखा हिंदीत लावायला सांगितला, आणि खुर्चीच्या हातांवर पंजे ठेवून ते ऐकायला बसले.

बाईंनी वाचायला घेतलं. आवाज अजून खणखणीत होता. निवेदन वाचताना म्हाताऱ्याचा चेहरा उजळत जाई आणि संवाद आला की विझे. दुसऱ्या प्रकरणात आई मुलाला निरोप देते तिथे, "बाळा, तू पत्र पाठवत जा, मला फार काळजी वाटते," असं बाईंनी भावपूर्ण वाचलं. जगदाळ्यांनी हात वर केला.

"बाई," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मराठीत बोलले, "ही मानसं बोलत न्हाईत. तुमच्यावानी वाचत्यात."

त्या 'न्हाईत'मध्ये न आणि ह एका श्वासात आले होते, मधे कुठे सांधा नव्हता. साठ वर्षं बाईंनी हा शब्द कागदावर पाहिला होता आणि मनात नेहमी चुकीचाच म्हटला होता. त्या गच्चीवरच्या नदीचं पाणी कुणी ओंजळीत आणून द्यावं तसं त्यांना झालं.

"तवा बी आसंच झालं," जगदाळे सांगू लागले, सावकाश, बोली ताणून बघत. "म्या म्हैन्यातनं एकदा मंडळात यायचू. बोलायचू न्हाई कुनाशी. तिथली मानसं लई सुद बोलनारी. आपलं त्वांड उघाडलं की ती वळून बघायची. पर ह्ये पुस्तक काढायचू आन् कोपऱ्यात बसायचू. ह्यात माजी आय बोलायची, बाई. आक्षी तिच्या तोंडचं. छापल्यालं. मला वाटायचं, छापलंया म्हंजी आपलं बी बोलनं बोलन्यात जमा हाय." ते थांबले. "मंग एका ऐतवारी उघाडलं तर आयच्या तोंडावर कागुद. समद्या पानांवर. आक्षर मातुर मोत्यावानी हुतं."

आंधळ्या माणसासमोर चेहरा लपवायचं कारण नसतं, तरी त्यांनी पदर तोंडाशी नेला.

"म्या वळखलं," जगदाळे म्हणाले. "ह्ये आपल्याला सांगत्यात. पुस्तक ठिवलं आन् परत गेलू न्हाई. घरला आलू, पोर हुती आठ वर्साची. तिच्यासंगं तवाधरनं हिंदीच. सुद मराठी मला येत न्हवती, आन् आपली दिऊन पोरीचं हसं कशाला करायचं?"

त्या क्षणी सांगायला हवं होतं. बाईंना ते कळत होतं. ज्या बाईंनी आयुष्यभर दुसऱ्याची चूक दाराबाहेर पडायच्या आत सांगितली, त्यांना स्वतःची सांगायला तोंड उघडेना. "पुढच्या आठवड्यात येते," एवढंच त्या म्हणाल्या. परतीच्या लोकलमध्ये समोरची बाई त्यांच्याकडे सहज बघत होती, आणि बाईंना वाटत राहिलं की तिला सगळं ठाऊक आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी गॅसवर किटली चढवली. किटलीच्या तोटीशी पान धरायचं, पट्टी ओलसर झाली की शिवणाच्या सुईनं कोपरा उचलायचा, आणि श्वास रोखून ओढायची. पहिली पट्टी सुटली तेव्हा खालून 'लेकरा, कागुद धाडीत जा, जीव टांगनीला लागतूया' अशी ओळ वर आली, पिवळी पण धडधाकट. बाई ती वाचून तशाच उभ्या राहिल्या. त्रेचाळीस वर्षं ती आई तिथेच होती. खळीखाली, मोरचुदाखाली, न कुरकुरता मुलाला पत्र लिहायला सांगत होती.

मग आठवडाभर दुपारी तेच. खालच्या मजल्यावरच्या वर्कशॉपातलं लेथ यंत्र घरघरत असे, स्वयंपाकघर वाफेनं भरे, चष्म्यावर धुकं येई. धुक्यात माणसं एकेक करून बोलू लागत. 'आवं, ऐकलंसा का', 'कुठं उलथला हुतास', 'बस की रं, दमलास'. बाई त्यांना मोठ्यानं उत्तरं देत. जगदाळ्यांचा 'न्हाई' आठवून त्या स्वतःचा सुधारून घेत. आयुष्यात प्रथमच त्या आपलं अशुद्ध शुद्ध करत होत्या. कधी किटलीतलं पाणी आटून वास सुटे तेव्हा भान येई, आणि दिवस कलला आहे हे बघून त्यांना नवल वाटे.

पण सगळंच सुटलं नाही. बाईंची खळ फार चांगली होती, हेच मुळात वाईट झालं. जुन्या कागदाचा पापुद्रा पट्टीबरोबर निघून येई आणि ओळीच्या जागी नुसतं भुरभुरीत पांढरं राही. कुठे एक शब्द जाई, कुठे अख्खं वाक्य. दुसरी प्रत कुठे मिळेल असं त्यांनी पुण्यातल्या दोन-तीन ठिकाणी विचारलं, पण शीर्षकच नसलेलं पुस्तक शोधणार कसं? अशा छत्तीस जागा झाल्या. त्या रात्री नाही, त्या भरदुपारी, बाई ओट्याला टेकून रडल्या. दुसऱ्याची आई आपण पुसून टाकली, असं त्यांना अगदी स्पष्ट वाटलं.

पुढच्या शनिवारी त्या पुन्हा बराकपूरला गेल्या. देवयानी बाजारात गेली होती. बाईंनी प्रस्तावना न करता वाचायला सुरुवात केली.

"लेकरा, कागुद धाडीत जा."

जगदाळे खुर्चीत पुढे सरकले. बाई वाचत गेल्या. त्यांची जीभ अडखळत होती, हेल पुण्याचाच होता, पण शब्द पुस्तकातल्या आईचे होते. एका पुसल्या जागी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "इथली अक्षरं गेली आहेत. 'इतक्या लांब जातुयास, तर' आणि पुढे काही नाही."

"तर भाकरी बांदून ने," जगदाळे लगेच म्हणाले. "दुसरं काय म्हनंल ती?"

असं सुरू झालं. जिथे पान गप्प होई तिथे म्हातारा बोले. कधी पुस्तकातलं आठवून, कधी स्वतःच्या आईचं, आणि कुठलं कुणाचं ते त्यालाही सांगता येत नसावं. मधेच तो हसे, मधेच गावातल्या कुण्या तुक्या न्हाव्याची गोष्ट सांगे, परत ओळीवर येई. खिडकीतून नदीवरचा वारा येत होता. बाईंना वाटलं, ही दुपार अशीच चालू राहावी, पट्ट्यांचा विषय कधी निघूच नये.

"ह्यो कागुद सोडिवला कुनी?" जगदाळ्यांनी विचारलं.

"मी. वाफेवर."

"लई कष्टाचं काम. आन् चिकटिवला कुनी आसंल?"

बाईंनी पुस्तक मांडीवर ठेवलं. "तोही मीच," त्या म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्षांची होते. मला ही भाषा फार आवडायची, जगदाळे. आवडायची आणि तिची लाज वाटायची. दोन्ही खरं आहे. मला क्षमा करा."

म्हाताऱ्यानं बुबुळं न हलणारे डोळे बाईंच्या दिशेला लावले.

"माफी नगं," तो शेवटी म्हणाला. "माफी द्याया माज्याकडं न्हाई, बाई. चाळीस वर्सं काय वाफंनं सुटत न्हाईत." मग त्यानं पंजा हलवला. "वाचा फुडं."

बाईंनी वाचलं. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्या थांबल्या नाहीत. शेवटचं प्रकरण आलं. मुलगा सुट्टीवर घरी येतो, उंबऱ्याशी ट्रंक ठेवतो, आई चुलीपुढून मान वर करून बघते. "आलास व्हय," असं बाईंनी वाचलं, आणि पुढे पांढरं होतं. ओळभर.

"इथलं गेलंय," त्या म्हणाल्या.

जगदाळ्यांचे ओठ हलले, पण शब्द येईना. ही एकच जागा अशी होती की ती त्यांना आठवत नव्हती, किंवा फारच आठवत होती. बाई वाट बघत राहिल्या. आपण त्या ओळीवर खळ लावली तेव्हा ब्रश किती हळू फिरवला होता, ते त्यांना आठवलं आणि नकोसं झालं.

"हात-पाय धू. भाकर थंड हुतीया."

आवाज दारातून आला. देवयानी बाजारातून आली होती आणि पिशव्या हातात घेऊन तशीच उभी होती. ती कधीपासून उभी होती कुणास ठाऊक.

जगदाळ्यांनी मान वळवली. "तुला कुठं घावलं ह्ये?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणायचे," देवयानी म्हणाली. तिला शब्द जुळवायला वेळ लागत होता. "मी शाळेतून आली की. रोज. मग एक दिवस तुम्ही हिंदीत बोलला. त्याच्या पुढचा दिवस पण हिंदी. मी वाट बघितली. मला वाटला, मी काही वाईट केला, म्हणून तुम्ही माझ्याशी ते बोलत नाही. आईला पण नाही विचारला. मला भीती होती, काय केला ते ती सांगेल."

त्या बोलण्यात किती चुका होत्या ते बाईंनी मोजलं नाही. आठ वर्षांची एक मुलगी दप्तर घेऊन दारात उभी आहे आणि आपला अपराध शोधते आहे, एवढंच त्यांना दिसत होतं. ते दृश्य त्यांनी त्रेचाळीस वर्षांपूर्वी, मोत्यांसारख्या अक्षरात, स्वतः लिहिलं होतं.

"तू काय बी केलं न्हवतंस," जगदाळे म्हणाले. "काय बी न्हाई, पोरी. म्याच भ्यालू."

पिशवीतून एक बटाटा पडून घरंगळत कॉटखाली गेला, कुणी उचलला नाही. म्हाताऱ्यानं दाराच्या रोखानं हात पुढे केला आणि हळू, घरातलं रोजचंच काही सांगावं तसं म्हटलं,

"आलीस व्हय? जा, हात-पाय धू. भाकर थंड हुतीया."

घरात भाकरी नव्हती. कधी होतही नसे. देवयानीनं पिशव्या भिंतीशी टेकवल्या, चपला काढून जोडीनं ठेवल्या, आणि बावन्नाव्या वर्षी ती न्हाणीघरात गेली. थोड्या वेळानं नळ सुटल्याचा आवाज आला. ती पाय धूत होती, नीट, घोट्यापर्यंत, आणि बाहेर तिचा बाप ऐकत बसला होता.